पऱ्हाटी फुलते, पण बोंड धरत नाही

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमची साडेचार एकर कोरडवाहू शेती आहे. परसात गावरान कपाशीची दोन झाडं आईनं वातींसाठी जपली आहेत. लेक बी.एस्सी. ॲग्रीला आहे. तिनं मागच्या हंगामात अमेरिकन पऱ्हाटीच्या २५-३० कळ्यांतले पुंकेसर संध्याकाळी खुडले आणि सकाळी त्यांवर गावरान फुलाचा पराग लावला. बहुतेक बोंडं गळली. दोन टिकली, त्यांत धड अशा चारच सरक्या निघाल्या आणि त्यांतली एक उगवली. यंदा ते झाड माझ्या खांद्याला आलं आहे. रोज दहा-बारा फुलं लागतात, पाकळीच्या तळाशी लाल डाग आहे. पण पुंकेसराला बोट लावलं तर पिवळी भुकटी लागत नाही, आणि दोन-तीन दिवसांत फूल गळून जातं. दोनदा बोरॉन फवारलं, काही फरक नाही. शेजारी म्हणतात, वांझ झाड आहे, उपटून टाक. लेक म्हणते, बियाणं कंपन्यांना अशीच नरवंध्य (पराग न देणारी) झाडं लागतात, ठेवू या. कोणाचं खरं?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, आधी बोरॉन थांबवा. तुमच्या फवारणीचं काही चुकलेलं नाही आणि झाडाला रोगही नाही. पाकळीवरचा तो लाल डाग गावरान बापाचा आहे. म्हणजे लेकीनं केलेला संकर खरा उतरला. ३० फुलांत एक झाड, हे यश लहान नाही. विद्यापीठाच्या प्लॉटवर याहून जास्त फुलं बांधून रिकाम्या हातानं परतलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता बोंड का धरत नाही ते सांगते. गावरान कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकन कपाशीत ५२. पराग किंवा बीजांड तयार होताना ही संख्या निम्मी होते. म्हणून तुमच्या झाडाला बापाकडून १३ आली, आईकडून २६. एकूण ३९. निम्मी करायला प्रत्येक गुणसूत्राला आपला जोडीदार शोधून त्याच्याशेजारी यावं लागतं, मग दोघं दोन टोकांना जातात. इथेच अडतं. अमेरिकन कपाशी हीच मुळी दोन घराण्यांची मिळून झालेली आहे. साधारण १० ते २० लाख वर्षांपूर्वी आपल्या देशी कपाशीच्या गोतातल्या एका झाडाचा अमेरिकेतल्या एका रानकपाशीशी संकर झाला आणि पुढे गुणसूत्रं दुप्पट झाली. त्यामुळे तिच्यात एका घराण्याची मोठी गुणसूत्रं आहेत आणि दुसऱ्या घराण्याची लहान. तुमच्या झाडात बापाची १३ मोठी आईच्या १३ मोठ्यांशी बहुतांशी जुळतात. तीही सगळी सरळ नाही, कारण मधल्या काळात काही तुकड्यांची अदलाबदल झाली आहे आणि तीन-चार गुणसूत्रं एकमेकांत अडकलेली दिसतात. उरलेल्या १३ लहानांना मात्र जोडीदारच नसतो.

हे मी वाचून सांगत नाही. विद्यार्थिनी असताना आमच्या प्लॉटच्या कोपऱ्यात असंच ३९ वालं एक झाड होतं. सकाळी कोवळी पाती, म्हणजे कळ्या आणायच्या, परागकोश ॲसिटोकार्माइन या रंगाच्या थेंबात चिरडायचा, काच स्पिरिटच्या दिव्यावर जराशी ऊन करायची, वर टिपकागद ठेवून अंगठ्यानं दाबायची. अमेरिकन कपाशीच्या काचेवर २६ जोड्या पेशीच्या मधोमध शिस्तीत उभ्या दिसायच्या. या झाडाच्या काचेवर मोठ्या जोड्या मध्ये, आणि लहान एकेकटी गुणसूत्रं जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखी कुठेही. जोड्या दोन टोकांना निघून गेल्या तरी ही मागे रेंगाळायची. काही तर कोणत्याच टोकाला पोचायची नाहीत, पेशीत ठिपक्यासारखी पडून राहायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नव्हता.

चांगला पराग तयार व्हायला ती १३ च्या १३ एकाच टोकाला जायला हवीत. १३ नाणी उडवा. सगळी एकाच बाजूनं पडण्याची शक्यता ४०९६ मध्ये १. एरवी जे परागकण होतात त्यांत कुठे चार जास्त, कुठे पाच कमी, आणि ते सुकून जातात. म्हणून बोटाला भुकटी लागत नाही.

लेकीचं म्हणणं इथे थोडं सुटतं. बियाणं कंपन्या वापरतात ती नरवंध्य झाडं वेगळी. ज्वारीचं उदाहरण घ्या. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आपल्याकडे आला, त्याची मादी नरवंध्य होती. तिची गुणसूत्रं व्यवस्थित जोड्या करतात. दोष असतो पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत (मायटोकाँड्रियात) आणि केंद्रकाशी त्यांचं न जुळण्यात. तंतुकणिका फक्त आईकडून येतात. या बेबनावानं परागकण वाढीच्या वाटेतच मरतात, पण स्त्रीकेसर ठणठणीत असतो. बाहेरचा पराग मिळाला की कणीस दाण्यानं भरतं. कपाशीतही अशी मादी वाणं आहेत, तरी आपल्याकडे बराचसा संकर अजून बायकाच संध्याकाळी कळ्या सोलून, सकाळी पराग लावून हातानं करतात. आणि संकर म्हणजे वांझ, असंही समजू नका. १९७० साली सुरतहून डॉ. सी. टी. पटेल यांनी दिलेली एच-४ ही संकरित कपाशी भरघोस बोंडं धरायची, कारण तिचे आईबाप दोन्ही ५२ वाले.

तुमच्या झाडाची फक्त नराची बाजू गेलेली नाही, मादीचीही गेली आहे, कारण बीजांड बनतानाही तोच गोंधळ होतो. घरीच पडताळून पाहा. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास अमेरिकन फुलाचा ताजा पराग या झाडाच्या २० फुलांच्या कुक्षीवर (स्त्रीकेसराच्या टोकावर) लावा आणि दोरा बांधा. नुसतं नरवंध्य असतं तर चांगली बोंडं धरली असती. इथे बहुतेक सगळी गळतील. शेकड्यांनी फुलं बांधली तर एखादी सरकी हाती लागेल, आणि ती लागली तर सोन्यासारखी जपा.

म्हणजे शेजाऱ्यांचं खरं? नाही. झाड उपटू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गावरान कपाशी कमी पाण्यात तग धरते, तुडतुड्यांना दाद देत नाही. तो काटकपणा अमेरिकनच्या लांब धाग्यात आणायचा असेल, तर वाट अशाच झाडातून जाते. ३९ ची दुप्पट म्हणजे ७८ केली की प्रत्येकाला जोडीदार मिळतो. त्यासाठी कोल्चिसिन वापरतात. पावसाळ्यात रानात फुलते त्या कळलावीत ते असतं आणि ते जहाल विष आहे. घरी मुळीच करू नका. लेकीनं तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून करावं. आमच्या त्या झाडाच्या एका शेंड्याला आम्ही कोल्चिसिनचा बोळा बांधला होता. आधी पानं जाड, चुरगळलेली आली. मग एके सकाळी त्या एकाच फांदीवरच्या फुलाला बोट लावलं तर बोट पिवळं झालं. मी ते बोट तसंच धरून सरांच्या खोलीपर्यंत पळत गेले.

हंगाम संपल्यावर झाड गुडघ्याएवढं छाटा, आठवड्याला पाणी द्या, पुन्हा फुटेल. फरदड (हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका असं मी याच पानावर दरवर्षी लिहिते, तेव्हा या एका झाडाशेजारी गुलाबी बोंडअळीचा कामगंध सापळा लावाच. आणि लेकीला सांगा, सकाळी बाहेरची हिरवी पानं काढून तुरीच्या दाण्याएवढ्या कळ्या घे, तीन भाग निव्वळ अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडमध्ये एक दिवस ठेव, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. झाकण घट्ट लाव आणि बाटलीवर तारीख पेन्सिलनं लिही, शाई अल्कोहोलनं पुसते. भिंगाखाली लहान, एकटी गुणसूत्रं किती मोजली, ते मला कळवायचं.