वाचकांचे प्रश्न: काच अडते, दार गळतं

प्रश्न : गाडी दहा वर्षांची हॅचबॅक. ड्रायव्हरकडची काच वर जाताना अडखळते, करकरते, आणि काचेवर उभे ओरखडे पडलेत. गॅरेजवाला म्हणतो मोटर गेली. कुणी म्हणतं रबराला ग्रीस लावा. काय करावं? (चोपडा)

उत्तर : मोटरवर पैसे घालायच्या आधी एक तपासणी करा. इंजिन चालू ठेवा, दोन्ही तळहात काचेच्या आतून-बाहेरून लावून बटण दाबा आणि काचेला वर हलका आधार द्या. तेवढ्यानं ती सरसर चढली, तर पहिला संशय मोटरवर नको, चॅनेलवर घ्या. काच ज्या खाचेतून सरकते त्या चॅनेल रबराला आतून मखमलीसारखी लव असते. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ, त्यात जिनिंगच्या हंगामातला कापसाचा भुसा, त्या लवेत बसतो. पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो आणि ऊन पडलं की तो वाळून घट्ट. मग प्रत्येक वेळी काच त्या कणांवर घासते. ओरखडे उभेच का, हे त्यावरून कळावं.

ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल अजिबात नको. दार-खिडक्यांचं रबर बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम जातीचं असतं. ते ऊन-पाऊस सोसतं, पण खनिज तेलानं फुगून मऊ पडतं. शिवाय तेलाला धूळ चिकटते. चार दिवस काच छान पळते, मग आधीपेक्षा वाईट.

काच पूर्ण खाली घ्या. शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी घेऊन तिला जुन्या सुती बनियनचा एक पदर गुंडाळा. लिटरभर पाण्यात कार शाम्पूचे चार-पाच थेंब टाकून कापड ओलं करून पिळा, आणि पट्टी खाचेत वरून खाली ओढा. पहिलं कापड मातकट काळं निघेल. स्वच्छ निघेपर्यंत कापड बदलत राहा. वरचे दोन्ही कोपरे विसरू नका, गच्च भुसा तिथेच असतो. सावलीत पूर्ण वाळलं की सिलिकॉन स्प्रेची नळी खाचेत घालून दोन्ही उभ्या बाजूंना एक-एक झटका पुरे. काच चार-पाचदा वर-खाली करा, काचेवर आलेला थर पुसून टाका. पुढच्या काचेवर उडू देऊ नका, वायपर फरफटतो.

लव झिजून रबर उघडं पडलं असेल तर मात्र बदलाच. मॉडेल, साल आणि कोणतं दार हे सांगूनच घ्या. मीटरवर मिळणारं रबर कोपऱ्यात बसत नाही. बसवताना आधी कोपरे, मग वरची बाजू, शेवटी उभ्या बाजू. साबणाचं पाणी लावून अंगठ्यानं दाबा, ताणू नका. ताणून बसवलेलं रबर पुढे आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. खालचा भाग दाराच्या आत उतरतो, म्हणून बहुतेक गाड्यांत दाराचं पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं आवरण, काढावं लागतं.

ओरखड्यावर नख अडत असेल तर पॉलिशनं जाणार नाही.

प्रश्न : पावसात पायाखालची मॅट भिजते. काचेची बाहेरची रबरी पट्टी नवी टाकली, तरी तेच. (शिरपूर)

उत्तर : त्या पट्टीजवळून थोडं पाणी दारात उतरणारच, गाडीची रचनाच तशी आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. ती भोकं मातीनं बुजली की दार उघडताना आत पाणी डुचमळतं आणि पत्रा आतून गंजतो. दाराची खालची कड बोटानं चाचपा, प्लॅस्टिकच्या काडीनं भोकं मोकळी करा.

मॅट भिजायचं कारण बहुधा पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदा. स्पीकर बसवताना तो फाडतात, नाहीतर परत नीट चिकटवत नाहीत. मग पाणी थेट केबिनमध्ये. पडदा ब्यूटाइल टेपनं (चिकट रबरी पट्टीनं) सगळ्या कडांनी चिकटवून घ्या, खालची कड दाराच्या आतल्या बाजूला राहील अशी. साधा सेलोटेप मे महिन्याच्या उन्हात टिकत नाही.

प्रश्न : उन्हात उभ्या गाडीचं दार उघडताना रबर पत्र्याला चिकटतं. (भुसावळ)

उत्तर : रबर आणि ते जिथं टेकतं तो पत्रा, दोन्ही शाम्पूच्या पाण्यानं पुसा, वाळवा. मग सिलिकॉन स्प्रे कापडावर मारून रबरावर फिरवा, थेट नको. गाडी रंगवायला द्यायची असेल तर रंगाचं काम आधी उरका. सिलिकॉनच्या थरावर रंग धरत नाही.