न लिहिलेला गुणाकार

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. तिचे पाढे चोख आहेत. परंतु ‘३क्ष’ या पदात क्षची किंमत ५ घातली की ती ३५ असे उत्तर लिहिते आणि (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असेच तिला वाटते. सूत्रांमधील गुणाकार तिला कसा समजावून द्यावा?
— एक पालक, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या मुलीच्या दोन्ही चुका अतिशय सामान्य आहेत आणि त्यांचा पाढ्यांशी संबंध नाही. बीजगणितात गुणाकार बहुतेक वेळा लिहिला जात नाही, तो वाचायचा असतो, आणि हे वाचन वेगळे शिकवावे लागते. × हे चिन्ह इंग्लिश गणितज्ञ विल्यम ऑट्रेड यांच्या १६३१ सालच्या पुस्तकातून प्रचारात आले. पण अज्ञात संख्येसाठी एक्स हे अक्षर रूढ झाल्यावर दोहोंची गल्लत होऊ लागली, आणि १६९८ मध्ये गणितज्ञ लायब्निझ यांनी दुसरे गणितज्ञ योहान बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात याच कारणासाठी त्या चिन्हाविषयी नापसंती व्यक्त केली. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील बीजगणितात दोन अज्ञातांचा गुणाकार ‘भावित’ या शब्दातील ‘भा’ हे अक्षर जोडून दाखवीत.

आज आपण संख्या आणि अक्षर शेजारी ठेवून गुणाकार सुचवतो. दोन अंकांच्या बाबतीत मात्र तसे करता येत नाही, कारण ती जागा दशमान पद्धतीने आधीच घेतलेली आहे : ३५ म्हणजे ३ × १० + ५. म्हणून अक्षराच्या जागी किंमत घालताना ३ × ५ किंवा ३(५) असे लिहिण्याची सवय मुलीला लावावी. पहिली चूक बहुधा तेवढ्यानेच थांबेल.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि ती दूर करण्यासाठी भूमितीची मदत घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या आसपास जमिनीचे व्यवहार गुंठ्यांत होतात. बाजू ३३ फूट असलेल्या चौरसाचे क्षेत्रफळ म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. वहीत असा चौरस काढून त्याच्या दोन्ही बाजू ३० आणि ३ अशा विभागाव्यात व आडवी-उभी रेघ ओढावी. चार तुकडे होतील : ३० × ३० चा मोठा चौरस, ३ × ३ चा लहान चौरस आणि ३० × ३ च्या दोन पट्ट्या. त्यांची क्षेत्रफळे ९००, ९, ९० आणि ९० असून बेरीज बरोबर १०८९ येते. केवळ अ² + ब² लिहिणाऱ्याच्या हाती ९०९ उरतात, म्हणजे दोन्ही पट्ट्यांची मिळून १८० चौरस फूट जागा हिशेबातून नाहीशी होते. येथे अ म्हणजे ३० आणि ब म्हणजे ३; (अ + ब)² = अ² + २अब + ब² या सूत्रातले २अब म्हणजे याच दोन पट्ट्या. एका कंसातील प्रत्येक पदाने दुसऱ्या कंसातील प्रत्येक पदाला गुणायचे, हा नियम त्या आकृतीत डोळ्यांना दिसतो आणि मग वर्गविस्ताराचे सूत्र पाठ करण्याची गरज फारशी उरत नाही.

त्रिकोणाच्या सूत्रातील १/२ हादेखील असाच आकृतीतून येतो : आयताचा कर्ण काढला की दोन एकरूप काटकोन त्रिकोण मिळतात, म्हणून पाया × उंची या गुणाकाराचे अर्धे घ्यायचे. वर्तुळाच्या क्षेत्रफळात आधी त्रिज्येचा वर्ग करून मग पायने (π) गुणावे. वर्ग फक्त त्रिज्येचा आहे, पायचा नव्हे.

आयताच्या परिमितीकडेही लक्ष द्यावे. २(लांबी + रुंदी) यातील कंस गाळून काही मुले केवळ लांबीची दुप्पट करतात. १२ फूट लांब आणि १० फूट रुंद खोलीची परिमिती ४४ फूट आहे. कंस विसरल्यास ती ३४ येते, कारण रुंदीची दुसरी भिंत मोजलीच जात नाही. मुलीकडून आधी अशा खोलीची आकृती काढून घ्यावी, चारही बाजूंवर मापे लिहून घ्यावीत आणि सूत्र त्यानंतरच लिहू द्यावे.