पहिल्या महायुद्धात पुरुष मेल्यामुळे साताऱ्याकडची गावं ओस पडली का? नंतर ती पुन्हा भरली कशी?

लढाईनं नाही, मानमोडीनं, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनं ओस पडली. घरात हे वीस वर्षं सांगतोय, म्हणून इथंही लिहितो.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. पणजोबा १९१७ ला पलटणीत भरती होऊन बसऱ्याला गेले आणि १९१९ ला धडधाकट परत आले. घरी पणजी नव्हती, दोन्ही मुली नव्हत्या. तीन वर्षांचे आमचे आजोबा तेवढे आत्यानं जगवले होते. रणात गेलेला माणूस वाचला, चुलीपुढची गेली.

मागं कुणबी दाखल्यासाठी कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीच्या नकला काढल्या. मोडी वाचणारे गुरुजी १९१८ च्या ऑक्टोबरवर आले आणि थांबलेच. एरवी महिन्याला तीन-चार मयती. त्या महिन्यात पानामागून पान, आणि कारणाच्या रकान्यात सगळीकडे 'ताप'. पणजी तिथंच सापडली. तिचं नाव नाही. पणजोबांचं नाव आणि पुढं 'याची बायको'. तिच्याखाली दोन दिवसांच्या अंतरानं मुली.

युद्धात सगळ्या हिंदुस्थानचे ७४ हजारांच्या आसपास सैनिक गेले. मानमोडीनं १ कोटीहून जास्त माणसं नेली. त्यात त्या साली पावसानंही दगा दिला. आजच्या महाराष्ट्राची लोकसंख्या अख्ख्या विसाव्या शतकात एकाच दशकात घटली, १९११ ते १९२१. पुढं गावं भरली, पण कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. त्यावर दुसरं कुणी लिहील.

थोरल्या चुलत्यांनी पणजोबांच्या नावाचा दगड वेशीत बसवला. मी म्हटलं, काका, खाली पणजीचंही नाव घाला. म्हणाले, "तापानं मेलेल्यांची नावं दगडावर घालत नसतात." का नसतात? शेत तिनं राखलं, पोरं तिनं सांभाळली, पलटणीतला पगार गावात पोचेपर्यंत घर तिनं चालवलं.

अपशिंगे मिलिटरीसारख्या गावाला माझं म्हणणं तसंच्या तसं लावू नका. त्या एका गावानं पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. शिवाय साथ मुंबई बंदरात उतरली ती सैनिकांच्या बोटींबरोबर असं मानतात, म्हणजे युद्ध अगदीच नामानिराळं नाही.

तुमच्या गावाचं बघायचं असेल तर पारावर लढाईच्या गोष्टी विचारत बसू नका. तहसिलात जा, गाव नमुना नंबर १४ म्हणजे तेच कोतवाल बुक मागा, १९१८ चं. बायकांच्या नोंदी मोजा.

पणजीचं नाव आजोबांनी मला सांगून ठेवलंय. दगडावर खाली दोन ओळींची जागा आहे. दिवाळीला गावी जाताना पाथरवटाला बरोबर नेणार आहे, काकांना कळवूनच.