स्कॉटलंडच्या नोटा पुण्यात का नाकारल्या गेल्या?

प्रश्न : माझी मुलगी एडिंबरा येथील शिक्षण संपवून नुकतीच परतली. तिच्याजवळचे २४० पौंड बदलून घेण्यासाठी आम्ही परकीय चलनाच्या दुकानात गेलो असता, ‘या नोटा बँक ऑफ इंग्लंडच्या नाहीत’ असे सांगून त्या परत करण्यात आल्या. या नोटा खोट्या आहेत का? आता काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुलीने त्या तिथल्या बँकेतून किंवा एटीएममधून काढल्या असतील, तर खोटेपणाची शंका मनातून काढून टाका. स्कॉटलंडमध्ये बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक या तीन व्यापारी बँका आजही स्वतःच्या नोटा काढतात आणि उत्तर आयर्लंडमध्येही ही प्रथा चालू आहे. चलन मात्र एकच, पौंड स्टर्लिंग. रॉयल बँकेची दहाची नोट हातात असेल तर नीट पाहा : त्यावर मेरी सोमरव्हिल या विदुषीचे चित्र असून, रक्कम ‘पौंड स्टर्लिंग’मध्ये देण्याचे वचन छापलेले आहे. या वचनामागे पुरेपूर तारण ठेवण्याचे बंधन कायद्यानेच घातलेले आहे. त्याच कामासाठी बँक ऑफ इंग्लंडने १० लाख आणि १० कोटी पौंडांच्या, कधीही बाजारात न येणाऱ्या नोटा छापलेल्या आहेत.

मग नकार का? कायद्याच्या काटेकोर अर्थाने या नोटा खुद्द स्कॉटलंडमध्येही ‘वैध चलन’ नाहीत, परंतु तो अर्थ न्यायालयात कर्जफेडीच्या वादापुरता आहे आणि रोजच्या खरेदीत देणारा-घेणारा राजी असणे एवढेच पुरते. तुमच्या दुकानदाराची अडचण निराळी असावी : अनोळखी नोट पारखायची कशी आणि पुढे खपवायची कुठे? आपल्याकडेही १८६१नंतरच्या सरकारी नोटा सर्कलनिहाय, म्हणजे ठरावीक विभागापुरत्या, निघत आणि मुंबई सर्कलची नोट कलकत्त्यात हक्काने वटत नसे; ५, १०, ५० आणि १०० रुपयांच्या नोटांवरचे हे बंधन १९०३ ते १९११ या काळात उठले. त्यामुळे दुकानदाराची धास्ती मला समजते, पण तेवढ्यावरून कमी भावात नोटा देऊन टाकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ब्रिटनमध्ये बँक खाते असलेल्या एखाद्या विश्वासू नातेवाइकाबरोबर त्या पाठवा. स्वतःच्या खात्यात भरल्यास त्यांना दर्शनी किंमत पूर्ण मिळेल आणि तेवढी रक्कम ते मुलीला पाठवू शकतील. टपालाने मात्र पाठवू नका. २००० डॉलरच्या मूल्यापर्यंतचे परकीय चलन परतलेल्या प्रवाशाला जवळ ठेवता येते, तेव्हा घाई करण्याचे कारण नाही. एकच तपासा : २० किंवा ५० पौंडांच्या नोटा प्लास्टिकच्या नसून कागदी असतील, तर त्या ३० सप्टेंबर २०२२नंतर व्यवहारातून गेलेल्या आहेत, आणि त्यांच्यासाठी ती नोट काढणाऱ्या बँकेकडेच जावे लागेल.

जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन या बेटांच्या नोटा पौंडाच्याच मोलाच्या असल्या तरी ब्रिटनमधील दुकानांत सहसा चालत नाहीत. त्या बेटावरच बदलाव्यात. आणि ज्यांची मुले अजून स्कॉटलंडमध्ये आहेत त्यांनी मुलांना आजच कळवावे की, निघण्याच्या आठवडाभर आधी हातातली रोकड खात्यात भरावी, किंवा बँकेत जाऊन बँक ऑफ इंग्लंडच्या नोटा मागून घ्याव्यात.