प्रो वेर्चेल्लीसारख्या छोट्या फुटबॉल क्लबकडे इटलीची ७ विजेतेपदं कशी आली आणि पुढे तो कुठे गायब झाला?

आकडा खराच आहे: १९०८, १९०९, १९११, १९१२, १९१३, १९२१ आणि १९२२. तुलनेला, रोम शहरातल्या रोमा आणि लाझिओ या दोन बड्या क्लबांची मिळून पाचच होतात.

वेर्चेल्ली म्हणजे मिलान आणि तुरीनच्या मधलं, भातशेतीतलं गाव. क्लब मूळचा जिम्नॅस्टिक्सचा, फुटबॉल १९०३ पासून. त्यामुळे दमसास आणि शिस्त तयारच होती, आणि खेळाडू जवळपास सगळे स्थानिक. पहिल्या विजेतेपदाला मात्र एक पुस्ती जोडावी लागते: १९०८ मध्ये इटलीच्या फुटबॉल महासंघाने परदेशी खेळाडूंवर बंधनं घातल्याने बडे क्लब स्पर्धेबाहेर राहिले होते. पण १९१३ मध्ये बेल्जियमला १-० हरवणाऱ्या इटलीच्या संघात ११ पैकी ९ जण याच क्लबचे होते, तेव्हा सगळं श्रेय नशिबाला देता येत नाही.

१९१० चं विजेतेपद हट्टापायी गेलं. निर्णायक सामन्याची तारीख बदलून मिळेना, म्हणून क्लबने निषेधार्थ पोरांचा संघ उतरवला. मिलानच्या इंटर क्लबने १०-३ ने धुतलं.

घसरणीचं कारण पैसा. १९२३ मध्ये बचावपटू रोझेत्ता युव्हेंटसने नेला, १९३४ मध्ये आघाडीचा खेळाडू सिल्व्हिओ पिओला लाझिओकडे गेला, आणि १९३५ मध्ये क्लब सेरी आ, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च लीगमधून खाली आला तो आजतागायत परतलेला नाही. सेरी बी, म्हणजे दुसरी लीग सुद्धा १९४८ नंतर थेट २०१२ मध्ये दिसली. क्लबच्या मैदानाला आज नाव आहे पिओलाचंच.