द्राक्षाचे वेल बघायला ६४ हजार?

निफाड तालुक्यातून आलेल्या एका पत्राचं हे उत्तर. पत्र लांबलचक आहे, म्हणून आधी त्यातला मजकूर थोडक्यात देतो.

वाचक ५२ वर्षांचे, स्वतःचं औषधांचं दुकान आहे. पत्नी शिक्षिका. मुलगी पोर्तोला शिकते. तिला भेटायला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हे दोघं आणि ७६ वर्षांचे वडील (आयुष्यभर द्राक्षबाग सांभाळलेले, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात) पोर्तुगालला चालले आहेत. सहलीचं एकूण बजेट ९ लाख. तिकिटं, व्हिसा, हॉटेल, विमा यांत ६ लाख ८० हजार गेले. उरलेल्या पैशांचे तीन भाग केलेत : रोजचा खर्च ६० हजार, खरेदी ८० हजार आणि अडीअडचणीला ८० हजार. पोर्तोहून एक दिवस दोरू नदीच्या खोऱ्यात, म्हणजे पोर्ट वाइनच्या द्राक्षबागांत, खासगी गाडीनं जायचं मनात आहे. कंपनीनं चौघांचे मिळून ६४० युरो सांगितले : गाडी, चालक-कम-गाईड, दोन बागांत वाइनची चव आणि तासाभराची बोट. जेवण वेगळं. पैसे अडीअडचणीच्या रकमेतून घ्यावेत की कार्डावर टाकून सहा हप्ते करावेत, असा प्रश्न आहे. धाकट्या भावानं मात्र घरात सगळ्यांसमोर विचारलं, "द्राक्षाच्या शेतकऱ्यानं द्राक्षाचे वेल बघायला ६४ हजार घालायचे?"

भाऊ चिडलाय यात नवल नाही. गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठीच्या छाटणीच्या, तोंडावर घरची बाग त्याच्या गळ्यात टाकून तुम्ही सगळे चाललात. पण प्रश्न त्यानं चुकीचा विचारलेला नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी आकडा नीट मांडू. सोयीसाठी एक युरो शंभर रुपयांचा धरतो, प्रत्यक्षात तो त्याहून महाग आहे, तेव्हा शेवटी त्या दिवसाच्या दरानं गुणून घ्या. ६४० युरोत जेवण नाही. बागेतल्या जेवणाचे माणशी ४५ युरो त्याच कंपनीनं कळवलेत, म्हणजे १८० आणखी. झाले ८२०. साध्या क्रेडिट कार्डानं दिलेत तर परकी चलनाचा अधिभार बहुतेक बँका साडेतीन टक्के लावतात, त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के. झाले ८५४. तुमच्या घरात ज्या सहलीवरून वाद चाललाय ती ६४ हजारांची नाहीच, ती ८५ हजारांची आहे. आणि अडीअडचणीच्या रकमेत आहेत ८०.

त्या ८० हजारांना हात लावायचा नाही. ७६ वर्षांचा माणूस सोबत आहे. विमा असला तरी प्रत्येक दाव्यात पहिला ठरावीक हिस्सा आपल्या खिशातून जातो, आणि छोट्या दवाखान्यात आधी पैसे भरून नंतर मागावे लागतात. नानांचा रक्तदाब आणि गुडघे विम्याच्या अर्जात लिहिलेत ना, तेही एकदा पाहून घ्या. नसतील तर आजच कंपनीला मेल करा, हे सहलीपेक्षा तातडीचं आहे.

हप्त्यांचं तर नावच नको. वर सांगितलेला अधिभार, त्यावर प्रक्रिया शुल्क, वार्षिक पंधरा टक्क्यांच्या आसपास व्याज आणि व्याजावर पुन्हा जीएसटी. एका दिवसाच्या भटकंतीचं बिल मार्चपर्यंत येत राहील. तुमची महिन्याची २५ हजारांची एसआयपी व्यवस्थित चालू आहे, घरावर कर्ज नाही, सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे. अशा घरानं मौजेसाठी हप्ते करायचं कारण नाही. मग पैसे कुठून? खरेदीच्या ८० हजारांतून. त्याकडे नंतर येतो.

आता भावाचा प्रश्न. या सहलीत पैसे नक्की कशाचे पडतात ते बघू. चौघांत नाना माळकरी, त्यामुळे वाइन आणि मांसाहार दोन्ही वर्ज्य. तुमच्या पत्नी घेत नाहीत, असं तुम्हीच लिहिलंय. राहिलात तुम्ही आणि मुलगी. म्हणजे दोन बागांतली चव चौघांच्या नावानं विकत घेऊन प्यायची दोघांनी. तीही पोर्ट, साधी वाइन नव्हे : रस आंबत असताना मध्येच द्राक्षाचाच कडक मद्यार्क ओतून आंबणं थांबवतात, म्हणून ती गोड राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या घरात जातं. सप्टेंबरच्या उन्हात दुपारपर्यंत दोन ठिकाणी ती घेतली की पुढची नदी अर्ध्या मिटल्या डोळ्यांनीच बघायची. (गोव्यात ज्या गोड बाटलीला आपण वर्षानुवर्षं पोर्ट म्हणत आलो तिचा या खोऱ्याशी नावापुरता संबंध. आवडत असेल तर खुशाल प्या, पण तिच्यावरून अंदाज बांधू नका.)

शिवाय चव घ्यायला खोऱ्यात जावंच लागतं असं नाही. द्राक्षं वरच्या डोंगरात पिकतात, पण वाइन मुरते ती खाली, पोर्तोच्या समोरच्या काठावर, व्हिला नोव्हा द गायाच्या गोदामांत. पूर्वी पिंपं चपट्या तळाच्या राबेलो होड्यांतून नदीनं खाली यायची. पोर्टची निर्यात गायामधूनच व्हायला हवी, असा नियम १९८६ पर्यंत होता. आज मुलीच्या घरून निघून तुम्ही १८८६ चा लोखंडी दों लुईश पूल चालत ओलांडलात की एकामागून एक गोदामं लागतात. माणशी वीसेक युरोत फेरी आणि दोन-तीन पेले मिळतात. एका संध्याकाळी तुम्ही आणि मुलगी जाऊन या, चाळीस युरोत काम झालं.

गायात जे मिळत नाही ती आहे जमीन, आणि ती बघणारा माणूस तुमच्या घरात आहे.

पोर्तोहून मोटारवे धरला की मारांव डोंगराखालचा साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा लागतो, २०१६ साली सुरू झालेला. अटलांटिकवरून येणारा ओलावा हा डोंगर अडवतो. इगतपुरी आणि सिन्नरमध्ये जो फरक, तोच बोगद्याच्या अलीकडे आणि पलीकडे. नानांना हे समजावून सांगावं लागणार नाही, खिडकीतूनच कळेल. पलीकडे काळी माती नाही की मुरूम नाही. पाटीसारखा थरांचा खडक, शिस्ट म्हणतात, तो फोडून केलेल्या पायऱ्या आणि त्यांना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी ताली. वेलाची मुळं त्या थरांच्या फटीतून कित्येक मीटर खाली उतरतात. जुन्या बागा बहुतेक बिनपाण्याच्या. ड्रिप नाही, मांडव नाही, आपल्यासारखी वर्षातून दोनदा छाटणी नाही : हिवाळ्यात वेल झोपतो, तेव्हाच काय ते छाटायचं. हा मुलूख पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री पोम्बाल याच्या कारभारात १७५६ पासून दगड रोवून आखला गेला, इथलीच वाइन पोर्ट म्हणायची असं ठरवून. २००१ पासून तो जागतिक वारसा आहे. तुम्ही जाल तेव्हा तिथं विंदिमा, म्हणजे तोडणी, सुरू असायची दाट शक्यता आहे.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी गटाच्या व्हॅननं गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही, वागणूक वाईट नव्हतीच. पण दुसऱ्या बागेत मी एका तालीचा दगड हात लावून बघत होतो, तर गाईड घड्याळाच्या काचेवर बोट आपटत उभा. पुढच्या डोंगरावर, कझाल द लोइव्हुशच्या सज्जावरून खाली नदीचं वळण दिसतं, तिथं पंधरा मिनिटं. आमच्यातल्या एक वयस्कर बाई तर खाली उतरल्याच नाहीत. "चढेपर्यंत परत बोलावतील," म्हणाल्या.

म्हणून तुमच्या पत्रातले पर्याय मी असे तोलतो. गटाची व्हॅन माणशी ११० युरो, दोन चवी, बोट आणि जेवण धरून चौघांचे ४४०. सगळ्यात सुटसुटीत. नाना नसते तर मी हीच घ्या म्हणालो असतो. तुम्ही दोघंच असता तर आगगाडी : पोर्तो ते खोऱ्यातलं पिन्यांव गाव अडीच तास, एकेरी साधारण १२ युरो, पासष्टीपुढच्यांना निम्मं भाडं, आणि जाताना उजव्या बाजूला बसलात तर अर्धी वाट नदी खिडकीला चिकटून. पण पिन्यांव स्टेशन नदीकाठी आणि बागा डोंगरावर, तिथं पुन्हा वाहन लागणारच. स्वतः गाडी भाड्यानं घ्यायचा विचार सोडा. स्टिअरिंग डावीकडे, घाटातली वळणं, आणि जो चालवील त्याला पेला लावता यायचा नाही.

उरला मुलीनं आणलेला तिसरा भाव, ज्याचा तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उल्लेख केलाय : नुसती गाडी आणि चालक, दहा तास, ३९० युरो. मला विचाराल तर हाच घ्या. ३९० गाडीचे. एकाच बागेची फेरी, माणशी २५ धरून १००. पिन्यांवला नदीकाठच्या साध्या खाणावळीत जेवण, चौघांचे ८०. एकूण ५७०. नाना ताजेतवाने असतील तर धक्क्यावरून तासाभराची बोट, आणखी साठेक युरो. नसतील तर बोट नको, कुणी आगाऊ पैसे घेतलेले नाहीत. ८५४ च्या जागी ५७० ते ६३०. गटाच्या व्हॅनपेक्षा हे १३० ते १९० युरोंनी जास्त आहेत हे मान्य. ते जास्तीचे पैसे नानांच्या गुडघ्यांचे आणि घड्याळावर बोट न आपटण्याचे. मला ते पटतात. भावाला पटतील की नाही, सांगता येत नाही.

५७० म्हणजे खरेदीच्या ८० हजारांतले ५७ हजार, दराप्रमाणे साठ. राहतात वीस. बुचाच्या सालीच्या पर्सा आणि निळ्या टाईलींची चुंबकं तेवढ्यात होतात. पोर्टच्या दोन बाटल्या आणल्यात तरी चालेल, परतताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येतं. आणायचीच तर टॉनी (पिंपात मुरलेली पोर्ट) आणा, उघडल्यावर काही आठवडे टिकते. व्हिंटेज (एकाच वर्षाच्या द्राक्षांची) उघडली की एक-दोन दिवसांत संपवावी लागते, आणि तुमच्या घरात ती संपवणारे तुम्ही एकटेच.

पैसे देताना युरो आधीच भरून ठेवलेलं फॉरेक्स कार्ड वापरा. यंत्रावर "रुपयांत देणार का" असं विचारलं की नाही म्हणा, युरोच निवडा. रुपये निवडलेत की दर ते लावतात आणि तो आपल्या सोयीचा नसतो. तुमच्या टूर कंपनीनं पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला असेल तर तो विवरणपत्रात करापोटी वळता होईल. पण ते पैसे "येणारच आहेत" म्हणून आत्ता खर्चात धरू नका.

ठरवण्याआधी मुलीला चालकाकडून तीन गोष्टी लेखी घ्यायला सांगा. टोल आणि पेट्रोल ३९० मध्ये धरलंय का. प्रवासी नेण्याचा परवाना आणि विमा आहे का, आणि कंपनी असेल तर पोर्तुगालच्या पर्यटन खात्याकडे नोंद आहे का. दोन दिवस आधी रद्द केलं तर किती परत मिळणार. आगाऊ वीस टक्क्यांवर देऊ नका. बागेला वेगळा मेल करा : चौघांत दोघं न पिणारे, एक शाकाहारी, एक द्राक्ष बागायतदार. तोडणीच्या दिवसांत लहान बागा पाहुणे घेत नाहीत, म्हणून हा मेल महिनाभर आधी जायला हवा. त्यात "द्राक्ष बागायतदार" हा शब्द मुद्दाम लिहा. तिथल्या माणसाला कळलं की समोरचा आयुष्यभर वेल छाटत आलाय, तर तो पेल्यांच्या टेबलाऐवजी सरळ बागेत नेईल असं मला वाटतं.

पिन्यांवच्या स्टेशनात गाडी पकडायची नसली तरी दहा मिनिटं थांबा. १९३७ च्या निळ्या टाईलींवर तोडणीची चित्रं आहेत, पाठीवर टोपल्या घेतलेली माणसं. तिथं बाकंही आहेत.

आणि एक. बागेत फिरताना नाना चालकाला बाजूला घेऊन लावायला वेलाची एखादी काडी मागणार, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. काडी आणायची नाही. परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय लागवडीचं साहित्य भारतात आणता येत नाही, विमानतळावर पकडलं तर जप्त होईल, वर मनस्ताप. नाना ऐकत नसतील तर त्यांना फिलॉक्सेराची गोष्ट सांगा : अमेरिकेतून आणलेल्या वेलांबरोबर ही मुळं खाणारी कीड युरोपात शिरली, १८६० च्या दशकात दोरूत पोचली आणि पुढं तिथल्या बागा बसल्या. उजाड पडलेल्या पायऱ्या डोंगरावर आजही दिसतात. पुढं अमेरिकन खुंटावर कलम बांधून बागा उभ्या राहिल्या, जसा आपल्याकडे डॉगरिजचा खुंट लावतात. एवढं सांगितलंत की नाना काडी खिशात घालणार नाहीत. खुंट कोणता लावलाय ते मात्र विचारतील, तेव्हा दुभाषी म्हणून मुलीला जवळच ठेवा.