महाकाय कृष्णविवर भोवतालची धूळ गिळत कसं नाही, आणि शास्त्रज्ञांना त्या धुळीचं एवढं काय?

गिळण्याचं आधी उरकतो. कृष्णविवराच्या ‘जवळ’ म्हणजे किती जवळ, यावर सगळं आहे. तिमिंगल तारकासमूहातली एम ७७ ही सक्रिय दीर्घिका (म्हणजे जिच्या केंद्रातलं कृष्णविवर वायू ओढून घेतंय अशी) घ्या, आपल्यापासून साडेचार कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. (थंडीत, शहराच्या उजेडापासून लांब, छोट्या दुर्बिणीतूनही ती पुसट ठिपक्यासारखी दिसते. जरूर बघा.) तिच्या केंद्रातलं कृष्णविवर सूर्याच्या कोटीपटीहून जड आहे, तरी त्याचं घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही सुटत नाही ती सीमा, बुधाच्या कक्षेत मावेल. धुळीचं अंतर मात्र प्रकाशवर्षांच्या हिशेबात मोजावं लागतं. तेवढ्या लांबून ती निवांत प्रदक्षिणा घालू शकते.

ती त्याहून आत का नसते? गुरुत्वाकर्षणामुळे नव्हे, उष्णतेमुळे. आत पडणारा वायू चकतीसारखा फिरतो, घासून तापतो आणि प्रचंड अतिनील प्रकाश फेकतो. सिलिकेट आणि कार्बनचे हे मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक कण साधारण १५०० केल्विनच्या आसपास तापले की त्यांची वाफ होते. म्हणजे धुळीची आतली हद्द प्रकाश ठरवतो. केंद्र चौपट तेजस्वी झालं, तर हद्द दुप्पट लांब सरकते.

आता तिचं एवढं काय? तिने खगोलशास्त्रज्ञांना कित्येक वर्षं चकवलं. १९४३ साली खगोलशास्त्रज्ञ कार्ल सीफर्ट यांनी काही दीर्घिकांच्या केंद्रातल्या विलक्षण वर्णरेषांचा (प्रकाशाचे रंग वेगळे केले की दिसणाऱ्या वायूच्या रेषांचा) अभ्यास प्रसिद्ध केला. एम ७७ त्यांतलीच. पुढे अशा दीर्घिकांचे दोन प्रकार पडले. एकात रुंद रेषा दिसतात, म्हणजे वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतोय. दुसऱ्यात फक्त अरुंद. एम ७७ दुसऱ्यातली. जातच वेगळी, असं कोणालाही वाटलं असतं.

१९८५ मध्ये अँटोनुची आणि मिलर या खगोलशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून एम ७७ चा फक्त ध्रुवित प्रकाश (ज्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात तो) वेगळा काढून पाहिला, आणि त्यात रुंद रेषा हजर! दाराआड उभा असलेला माणूस समोरच्या आरशात दिसावा, तसा हा प्रकार. मधे धुळीचं जाड कडं आहे आणि आपण नेमके त्याच्या कडेच्या बाजूने बघतोय, म्हणून थेट काही दिसत नाही. पण कड्याच्या तोंडातून वर निघालेला प्रकाश तिथल्या इलेक्ट्रॉनांवर आपटून आपल्याकडे वळतो, आणि वळताना ध्रुवित होतो. दोन प्रकारांतला बराचसा फरक आपण कुठून बघतो याचा होता. या विषयातला मला सगळ्यात आवडणारा शोध हाच.

अडवलेली ऊर्जा धूळ पचवत नाही. ती तापते आणि अवरक्त किरणांत सगळं परत देते, म्हणून कडं अवरक्त दुर्बिणींनी नीट शोधता येतं. २०२२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी या वेधशाळेच्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून एम ७७ मधल्या धुळीच्या तापमानाचा नकाशा काढला गेला, आणि कृष्णविवर जाड कड्याआडच आहे हे पक्कं झालं.

तरी पुस्तकातलं ते गुळगुळीत कड्याचं चित्र जरा हातचं राखूनच घ्या. सर्सिनस या दुसऱ्या सक्रिय दीर्घिकेत मध्यम तरंगलांबीच्या अवरक्तातला बराचसा उजेड कड्यातून नव्हे, तर वर-खाली, ध्रुवांच्या दिशेला पसरलेल्या धुळीतून येतो. धूळ प्रकाश फार अडवते, त्यामुळे प्रकाशाचा रेटाही तिलाच जास्त बसतो, आणि जाताना ती वायूलाही ओढून नेते. म्हणजे कृष्णविवराच्या ताटात किती पडणार, यातही धुळीचा हात आहे.

‘मग एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा फोटो कसा निघाला?’ हा पुढचा प्रश्न येणारच. तो १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींत काढला होता. एवढ्या लांब लहरींना ते बारीक कण फारसे अडवत नाहीत. शिवाय एम ८७ चं केंद्र बरंच मंद आहे, आणि तिथे असं दाट कडं आढळलेलं नाही.